तीन औषधं, एक बेरीज: गरोदरपणातलं ड जीवनसत्त्व आणि बाळाचा मेंदू

औषधांच्या काउंटरवर एका गर्भवतीनं पिशवी उलटी केली आणि तीन औषधं माझ्यासमोर मांडली. गरोदरपणाची मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियमच्या गोळ्या आणि नणंदेनं दिलेली मऊ कॅप्सूलची एक स्ट्रिप. पाचवा महिना चालू होता. "ताई, या तिन्ही चालू ठेवू ना? ही तिसरी बाळाच्या मेंदूसाठी असते म्हणे."

मी स्ट्रिप उलटवून मागची बारीक अक्षरं वाचली. ड जीवनसत्त्व, ६०,००० आययू (आययू म्हणजे आंतरराष्ट्रीय एकक). ही कॅप्सूल साधारणपणे आठवड्यातून एकदा घ्यायची असते, तीही डॉक्टरांनी सांगितले तेवढेच आठवडे. स्ट्रिपमधले चार कप्पे रिकामे होते.

"कधीपासून घेतेयस?"

"सोमवारपासून. रोज एक."

त्या दिवशी गुरुवार होता. चार दिवसांत २,४०,००० आययू. रोजची गरज ६०० आययू धरली तर हा ४०० दिवसांचा कोटा झाला. तिथूनच तिच्या डॉक्टरांना फोन लावला, कॅप्सूल बंद झाली, रक्तातलं कॅल्शियम तपासलं आणि ते ठीक निघालं. पण "मेंदूसाठी" हा एक शब्द काय काय करायला लावतो ते मी तेव्हा पाहिलं. हा लेख त्या शब्दाबद्दलच आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते: कमतरता असेल तर ती भरून काढणं बाळासाठी खरोखर महत्त्वाचं आहे. कमतरता नसताना जास्त घेतल्यानं मूल जास्त हुशार होतं, असं मात्र प्रयोगांत दिसलेलं नाही.

मेंदूशी याचा संबंध येतो कुठे?

ड ला जीवनसत्त्व म्हणतात, पण त्याचं वागणं संप्रेरकासारखं. उन्हातल्या अतिनील-ब किरणांनी ते त्वचेत तयार होतं किंवा अन्नातून आणि गोळीतून येतं. यकृतात त्याचं पहिलं रूपांतर होतं आणि मूत्रपिंडात दुसरं. या दुसऱ्या रूपाला कॅल्सिट्रिऑल म्हणतात आणि प्रत्यक्ष काम तेच करतं. गरोदरपणात आईच्या रक्तातलं कॅल्सिट्रिऑल दुप्पट-तिप्पट वाढतं. बाळाकडे मुख्यतः यकृतात बनलेलं पहिलं रूप वारेतून जातं. पोटातल्या बाळाला ना ऊन, ना स्वतःचा आहार. आईकडे जेवढं, त्याहून थोडं कमीच त्याच्या वाट्याला येतं.

ड जीवनसत्त्वाला प्रतिसाद देणारे ग्राहक (रिसेप्टर) मानवी मेंदूच्या पेशींतही असतात आणि त्याचं सक्रिय रूप बनवणारं विकर (एन्झाइम) मेंदूतही सापडतं. २००३ साली ऑस्ट्रेलियातल्या डॅरिल आइल्स, जॉन मॅकग्रा आणि सहकाऱ्यांनी उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. ड ची कमतरता असलेल्या माद्यांच्या पिल्लांच्या मेंदूतल्या पोकळ्या मोठ्या निघाल्या, बाहेरचा थर तुलनेनं पातळ निघाला आणि चेतापेशींच्या वाढीला लागणारं एक प्रथिन कमी भरलं. "ड म्हणजे फक्त हाडं" ही समजूत तिथून ढिली झाली.

माणसांचं चित्र एवढं सरळ नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ७४३ मातांचं १८ व्या आठवड्याच्या सुमाराचं रक्त तपासून त्यांच्या मुलांना पुढे अनेक वर्षं पाहिलं गेलं. २०१२ मध्ये आलेल्या निष्कर्षात, ज्या मातांची पातळी सर्वांत खालच्या चौथाईत होती त्यांच्या मुलांमध्ये ५ आणि १० वर्षांच्या वयात भाषेची अडचण जवळजवळ दुप्पट दिसली. वागणुकीच्या आणि भावनिक अडचणींशी मात्र संबंध सापडला नाही. ब्रिटनमधल्या ७,०६५ माय-लेकरांच्या जोड्यांचा अभ्यास २०१७ मध्ये आला. कमतरता असलेल्या मातांची मुलं अडीच वर्षांच्या वयात चालणं-धावणं आणि हाताची बारीक कामं यांत आणि साडेतीन वर्षांच्या वयात लोकांत मिसळण्यात थोडी मागे होती, पण ८ व्या वर्षीचा बुद्ध्यांक आणि ९ व्या वर्षीचं वाचन यांत फरक उरला नाही.

हे सगळे निरीक्षणाचे अभ्यास. ज्या बाईच्या रक्तात ड चांगलं असतं ती बहुधा जास्त घराबाहेर पडते, तिचं वजन कमी असतं, ती मासे खाते, तिच्या हाताशी पैसाही बरा असतो. मग मुलाला फायदा झाला तो नेमका कशाचा? हे वेगळं काढायचं तर चिठ्ठ्या टाकून गट पाडावे लागतात. कोपनहेगनमध्ये तसं केलं. ६२३ गर्भवतींपैकी एका गटाला २४ व्या आठवड्यापासून रोज २,४०० आययू जास्तीचे दिले, दुसऱ्या गटाला तशीच दिसणारी खोटी गोळी. नेहमीचे ४०० आययू दोघींनाही. मुलं ६ वर्षांची होईपर्यंत भाषा, हालचाली, आकलन सगळं तपासलं. दोन्ही गटांत एकूण फरक दिसला नाही. दातांचं मात्र वेगळं निघालं: ज्यांच्या आयांना जास्त ड मिळालं त्या मुलांमध्ये दातांच्या वरच्या कठीण थरातले (इनॅमलचे) दोष जवळजवळ निम्मे होते.

या प्रयोगाच्या मर्यादाही लक्षात घ्या. गोळी सुरू झाली तेव्हा गरोदरपण निम्म्याहून जास्त सरलं होतं आणि त्या मातांची पातळी मुळात फार खालावलेली नव्हती. त्यामुळे तीव्र कमतरता पहिल्या महिन्यांपासून भरली तर काय होईल, हा प्रश्न त्यातून सुटत नाही.

एक गोष्ट मात्र वादापलीकडची. आईत ड ची तीव्र कमतरता असेल, तर जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत बाळाच्या रक्तातलं कॅल्शियम घसरून आकडी येऊ शकते. पुढे मुडदूस होतो, चालणं लांबतं. बुद्ध्यांकाच्या एखाद्या गुणावर वाद घालत बसण्यापेक्षा हे टाळणं कितीतरी मोलाचं, असं मला वाटतं.

पायरी १: आपण जोखमीच्या गटात आहोत का?

पहिल्याच भेटीत डॉक्टरांना पुढच्यांपैकी काय लागू आहे ते सांगा. दिवसभर घरात किंवा ऑफिसात असणं. त्वचा सावळी किंवा काळी असणं, कारण त्वचेतलं रंगद्रव्य अतिनील किरण अडवतं आणि तेवढंच ड बनायला जास्त वेळ लागतो. अंगभर झाकणारे कपडे. जास्त वजन, कारण ड चरबीत मुरून बसतं आणि रक्तात कमी उरतं. दोन गरोदरपणांत कमी अंतर. सीलिअ‍ॅकसारखा आतड्यांचा विकार किंवा वजन घटवण्यासाठी झालेली पोटाची शस्त्रक्रिया.

औषधं तर हमखास सांगायची राहून जातात. फिट्सवरची फेनिटॉइन, कार्बामाझेपीन, फेनोबार्बिटोन, क्षयावरची रिफाम्पिसिन आणि दीर्घकाळ चाललेली स्टिरॉइड्स यांनी शरीरातलं ड कमी होतं. पण म्हणून फिट्सची गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. ते गरोदरपणात फार धोक्याचं आहे. ड ची मात्रा त्या गोळीचा विचार करून ठरवता येते.

पायरी २: घरातल्या सगळ्या औषधांची बेरीज

माझ्या मते सगळ्यांत उपयोगाची पायरी ही, आणि हिला एक पैसा लागत नाही. घरातलं प्रत्येक औषध टेबलावर काढा. पावडरचा डबा, प्रोटीनचं पेय, केसांसाठीच्या गोळ्याही. प्रत्येकावर "व्हिटॅमिन डी", "कोलेकॅल्सिफेरॉल" किंवा "डी३" शोधा आणि आकडा कागदावर उतरवा.

एकक बघायला विसरू नका. काही कंपन्या आययू छापतात, काही मायक्रोग्रॅम. १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० आययू. १० मायक्रोग्रॅम ही मात्रा ऐकायला किरकोळ वाटते, पण ते ४०० आययू झाले आणि २५ मायक्रोग्रॅम म्हणजे १,०००. मल्टिव्हिटॅमिनमध्ये ४००, कॅल्शियमच्या गोळीत २५० आणि ती दिवसातून दोनदा म्हणून ५००, वेगळी ड ची गोळी २५ मायक्रोग्रॅमची म्हणजे १,०००. एकूण १,९००. आठवड्याची गोळी असेल तर ७ नं भागा: ६०,००० म्हणजे रोजचे साधारण ८,६००. हा आकडा दिसला की कळतं की ही मात्रा कमतरतेच्या उपचाराची आहे आणि ती किती आठवडे घ्यायची हे चिठ्ठीवर लिहिलेलं असायलाच हवं. लिहिलेलं नसेल तर विचारा, लाजू नका.

हा कागद पुढच्या तपासणीला सोबत न्या. "मी व्हिटॅमिन घेते" या वाक्यापेक्षा डॉक्टरांना त्याचा शंभर पटींनी उपयोग होतो.

पायरी ३: रक्ततपासणी करायची का, आणि रिपोर्ट कसा वाचायचा

प्रत्येक गर्भवतीची तपासणी करायला हवीच असं नाही. अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीनं २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत गरोदरपणात सरसकट तपासणी नको असं सुचवलं आहे. पायरी १ मधलं काही लागू असेल, हाडं-स्नायू दुखत असतील किंवा कॅल्शियम कमी निघालं असेल, तर डॉक्टर तपासणी सांगतील.

चाचणी "२५-हायड्रॉक्सी" हवी. "१,२५-डायहायड्रॉक्सी" नावाची दुसरी चाचणी मिळते, पण ती कॅल्सिट्रिऑल मोजते आणि गरोदरपणात ते वाढलेलंच असतं. म्हणजे साठा रिकामा असूनही आकडा छान दिसेल. केसा-नखांसाठी जास्त मात्रेचं बायोटिन घेत असाल तर लॅबमध्ये आधी सांगा. काही यंत्रांवर त्यामुळे ड ची पातळी खोटी जास्त दिसते.

आता रिपोर्टवरचा आकडा. इथेही दोन एककं आहेत, नॅनोग्रॅम प्रति मिली आणि नॅनोमोल प्रति लिटर. पहिल्याला अडीचनं गुणलं की दुसरं मिळतं. २० नॅनोग्रॅम म्हणजे ५० नॅनोमोल. रिपोर्टवरचा ४५ एका एककात उत्तम असतो आणि दुसऱ्यात कमीच. मी स्वतः एकदा माझा ४८ नॅनोमोलचा रिपोर्ट नॅनोग्रॅम समजून खूश झाले होते. रोज औषधांच्या खोक्यांत वावरणारी मी, तरी फसले.

सर्वसाधारणपणे १२ नॅनोग्रॅमच्या खाली ठळक कमतरता मानतात आणि २० च्या वर बहुतेकांना पुरेसं. काही डॉक्टर ३० चं लक्ष्य ठेवतात. त्यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. तुमचा आकडा २४ आला आणि लॅबच्या कागदावर लाल अक्षरांत "अपुरं" छापलेलं दिसलं, तर रात्रीची झोप घालवू नका.

पायरी ४: मात्रा ठरवणं

इथे वेगवेगळ्या संस्थांचे आकडे वाचून डोकं गरगरतं. जागतिक आरोग्य संघटना २०२० च्या सूचनेत म्हणते की सगळ्या गर्भवतींना ड ची गोळी सरसकट देऊ नका, कमतरतेचा संशय असेल तर रोज २०० आययू देता येतात. ब्रिटनमध्ये रोज ४०० चा सल्ला आहे. अमेरिकेत रोजची गरज ६०० धरतात. एंडोक्राइन सोसायटी २०२४ मध्ये गर्भवतींना गोळी द्यावी असं सुचवते आणि तिनं पाहिलेल्या प्रयोगांतली सरासरी मात्रा २,५०० च्या आसपास होती.

यातला कुणी खोटं बोलत नाही. कुणी कमीत कमी किती लागतं ते सांगतं, कुणी गुंतागुंत कमी होण्याची शक्यता कुठे दिसते ते बघतं. व्यवहारात जोखीम नसलेल्या बाईला रोज ४०० ते ६०० बहुधा मल्टिव्हिटॅमिनमधूनच मिळतात. जोखीम असेल तर डॉक्टर बऱ्याचदा १,००० ते २,००० वर नेतात. कमतरता सिद्ध झाली तर त्याहून मोठी मात्रा ठरावीक काळ देतात. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय रोजची बेरीज ४,००० च्या वर जाऊ देऊ नये. अमेरिका आणि युरोप दोन्हीकडे गर्भवतींसाठी ही वरची हद्द धरली आहे.

जास्त झालं तर रक्तात कॅल्शियम चढतं. सतत तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठ, मळमळ, गळून जाणं ही त्याची लक्षणं. पंचाईत अशी की यातली निम्मी लक्षणं गरोदरपणात तशीही असतात, म्हणून ती सहज दुर्लक्षली जातात. मुतखडा, सार्कोइडोसिस, पॅराथायरॉइडचा विकार किंवा क्षय झालेला असेल तर कमी मात्रेतही कॅल्शियम चढू शकतं. अशांनी स्वतःहून एकही गोळी सुरू करू नये.

पायरी ५: घ्यायची कशी

ड तेला-तुपात विरघळतं, म्हणून जेवणासोबत घ्या. सकाळी ओकाऱ्या होत असतील तर रात्रीच्या जेवणानंतर घ्या, वेळेनं काही बिघडत नाही. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. शरीरातला साठा दोन-तीन आठवड्यांनी निम्मा होतो, एका दिवसानं ढिम्म फरक पडत नाही. याच कारणानं फेरतपासणी आठ ते बारा आठवड्यांनी करायची. पंधरा दिवसांत रक्त देऊन "अजून वाढलं नाही" म्हणत मात्रा दुप्पट करणाऱ्या मी पाहिल्या आहेत.

डी२ आणि डी३ या ड च्या दोन प्रकारांत निवड असेल तर डी३ घ्या, पातळी वाढवायला ते सरस आहे. वनस्पतीजन्यच हवं असेल तर शैवाकापासून (लायकेन; दगडफूल त्यातलंच) बनवलेलं डी३ मिळतं.

कॉड माशाच्या यकृताचं तेल गरोदरपणात टाळा. त्यात ड सोबत अ जीवनसत्त्वाचं रेटिनॉल भरपूर असतं आणि ते जास्त झालं तर गर्भात व्यंग निर्माण होऊ शकतं. ड साठी साधी गोळी असताना ही जोखीम कशाला?

थायरॉइडची गोळी चालू असेल तर कॅल्शियम आणि लोह तिच्यापासून चार तास लांब ठेवा, नाहीतर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही. हे वाक्य दोनदा वाचा. पहिल्या महिन्यांत बाळ आईच्याच थायरॉइड संप्रेरकावर अवलंबून असतं आणि मेंदूच्या घडणीशी त्याचा संबंध ड पेक्षा कितीतरी पक्का आहे. तीच गोष्ट आयोडीनची, लोहाची आणि फोलिक अ‍ॅसिडची. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यापासून बनतात आणि जिला नीट मिटायला फोलिक अ‍ॅसिड लागतं, ती मज्जानलिका गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या सुमारास मिटते, म्हणजे बऱ्याच जणींना पाळी चुकल्याचं जेमतेम कळतं तेव्हा. "मेंदूसाठी" म्हणून ड ची महागडी कॅप्सूल घेणारी बाई रोजची ४०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिडची गोळी विसरते तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

ऊन आणि अन्न

खिडकीच्या काचेतून येणारं ऊन उबदार असतं, पण काच अतिनील-ब किरण अडवते, त्यामुळे आत बसून ड बनत नाही. बाहेर उभं राहून आपली सावली बघा. सावली उंचीहून आखूड असेल तर किरण पुरेसे आहेत, लांब असेल तर जेमतेम. हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ पुरतो, त्वचा लाल होईपर्यंत थांबायचं नाही. नेमकी मिनिटं सगळ्यांना सारखी सांगता येत नाहीत, कारण त्वचेचा रंग, ऋतू आणि अक्षांश सगळं बदलतं. उन्हानं ड चा अतिरेक होत नाही, जास्तीचं त्वचाच निष्क्रिय करून टाकते. गरोदरपणात चेहऱ्यावर वांग येण्याचा संभव असतो आणि उन्हानं ते गडद होतं, म्हणून चेहरा झाकावा. चक्कर येत असेल तर उन्हात उभं राहण्याचा हट्ट नको.

अन्नातून ड मिळतं ते थोडंच. तेलकट मासे सोडले तर अंड्याच्या पिवळ्या बलकात ४० आययूच्या आसपास, अतिनील प्रकाश दिलेल्या मशरूममध्ये थोडं आणि वरून ड मिसळलेल्या दुधात थोडं. शार्क, स्वोर्डफिशसारखे पारा साठवणारे मोठे मासे टाळा. तो पारा बाळाच्या मेंदूलाच अपाय करतो.

बाळ जन्मल्यावर

आईच्या दुधात सगळं असतं, ड मात्र फार कमी. म्हणून अंगावर पिणाऱ्या बाळाला पहिल्या दिवसांपासून रोज ४०० आययू द्यावेत, असा अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा २००८ पासूनचा सल्ला आहे. पावडरच्या दुधात ड घातलेलं असतं. बाळ दिवसाला लिटरभर पीत असेल तर वेगळ्या थेंबांची गरज नसते.

थेंबांची बाटली घेताना चष्मा लावा. काही बाटल्यांत ४०० आययू १ मिलीत असतात, काहींत एकाच थेंबात. एका थेंबाची बाटली हातात असताना सवयीनं १ मिली भरलं, तर साधारण ३० थेंब म्हणजे १२,००० आययू बाळाच्या पोटात जातात. अशा चुका इतक्या होत होत्या की अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१० मध्ये ड्रॉपरबद्दल जाहीर इशारा दिला. बाटलीसोबत आलेलाच ड्रॉपर वापरा, संपलेल्या बाटलीचा जपून ठेवलेला नको.

ती मुलगी बाळंतपणानंतर दीड महिन्यानं आली, बाळाला कडेवर घेऊन. या वेळी पिशवीत दोनच वस्तू होत्या, आधीची संपलेली बाटली आणि नवी, वेगळ्या कंपनीची. मी हात पुढे करायच्या आत तिनं विचारलं, "ताई, जुनीत १ मिली द्यायचे. हिच्यात एका थेंबात किती?" मी वाचून दाखवलं: ४००. मग काळा मार्कर काढला आणि नव्या बाटलीच्या झाकणावर लिहिलं, "रोज १ थेंब". जुना ड्रॉपर तिनं स्वतःच कचऱ्याच्या डब्यात टाकला.